आधीचा मालक कसा होता?

"अहो, वरचं बटण लावा. आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," बायकोने दारातच बजावलं. "आधीच्या मालकाबद्दल विचारलं तर वाईट बोलायचं नाही. उणंदुणं काढलंत की नोकरी गेलीच समजा. आपल्या धाकट्या लेकीने फोनवर दोनदा सांगितलंय."

"मग चांगलं बोलू?"

"बेताने."

गेले दोन महिने ते घरी होते. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग रंगाप्रमाणे लावले आणि शेवटी बायकोला पीठ कसं मळायचं ते शिकवायला गेले. "तुम्ही नोकरी धरा, नाहीतर मी धरते," ती म्हणाली. म्हणाली चेष्टेने, पण ते अंथरुणात पडल्या पडल्या पीठ मळल्यासारखी बोटं वळवतात हे तिने पाहिलं होतं. हाताला काम नसेल तर हा माणूस वाळत जाणार, हे तिला कळत होतं. त्यांनाही.

बेकरीच्या मागच्या दाराची चौकट बुटकी होती. नवखी माणसं तिथे हमखास कपाळमोक्ष करून घेत. उमेदवार वाकून नीट आत आले. मांजर पायात घुटमळलं, त्याला त्यांनी हलकेच बाजूला सारलं.

मालकीणबाई टेबलामागे बसल्या होत्या. चाळिशीच्या, कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या. शेजारी भट्टीवाला हाताची घडी घालून उभा होता. उमेदवार टेबलाला वळसा घालायला निघाले, मग ओशाळून अलीकडच्या स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगलं.

"हे इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"मीही पहिल्यांदा त्यावरच बसले होते," बाई म्हणाल्या. "पाय लटलटत होते."

"दिसले असतील समोरच्याला."

"त्याने तसं दाखवलं नाही. बरं, आधीचं काम का सुटलं?"

"धंदा दुसऱ्याच्या हाती गेला. चांगल्या हाती गेला, तक्रार नाही. पण मला घरी करमेना."

"आणि आधीचा मालक कसा होता?"

धाकटीचा सल्ला आठवून ते सावरून बसले. "तसा बरा होता. जरा तापट. पण पोटात माया होती."

भट्टीवाल्याला एकदम खोकला आला. तो भिंतीकडे तोंड करून खोकत राहिला.

"आम्ही तर तो बराच तापट होता असं ऐकलंय," बाई म्हणाल्या.

"लोक काय, राईचा पर्वत करतात."

"असेल. चला, आता पीठ."

समोर पाव करून दाखवल्याशिवाय इथे कुणालाच कामावर घेत नसत. हा जुना दंडक होता. मागे आधीच्या मालकाने स्वतःच्या सख्ख्या लेकीलाही त्यात नापास करून घरी धाडलं होतं.

उमेदवारांनी बाह्या सरसावल्या. गोळा हातात आला तसे त्यांचे खांदे सैलावले. बटण, सल्ला, सगळं विसरून ते मळत राहिले आणि मध्येच गुणगुणायलाही लागले. पाव भट्टीतून निघाला तेव्हा मात्र त्यांनी वरचं बटण पुन्हा चाचपून पाहिलं. भट्टीवाल्याने पाव उलटा केला, तळाशी टकटक केली, कान लावला. मुद्दाम पुन्हा लावला. मग त्याने मान डोलावली.

"उद्या पहाटे या," बाई म्हणाल्या. "पगार नवशिक्याचा. आणि भट्टीपाशी आरडाओरडा केलेला चालणार नाही."

"नाही करणार, बाई." त्यांना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

बाई उठल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने उमेदवारांच्या कमरेला अ‍ॅप्रन बांधला, गाठ जरा घट्टच मारली.

"आणि बाहेरच्या पाटीवरचं तुमचं नाव मी काही काढणार नाहीये, मालक."