उरलेला डबा

दमणहून तार आली त्या दिवशी दत्तारामला कळलं, की माहेरी गेलेली मालती आता परतणार नाही. तिला अग्नी देऊन तो सिल्वासाला परतला. दहाव्या दिवशी त्याने तिचं लुगडं दमणगंगेत सोडलं आणि त्याच हाताने ढेकणांच्या औषधाचा उरलेला डबाही पाण्यात ओतला. ती होती तेव्हा दर वेळी आडवी यायची: "अहो, ही नदी माझ्या माहेरच्या दर्यात जाते. तुमचं विष माझ्या भावाच्या जाळ्यात कशाला धाडता?" "एवढ्याशा डब्यानं दर्या मरतो होय?" तो हसायचा, पण डबा परत फळीवर ठेवायचा. महिन्याने मेहुणा सुक्या बोंबलांची जुडी घेऊन दारात आला. "ताई नसली म्हणून काय झालं, भावजी? तुमचा वाटा येणारच." जुडी तशीच खुंटीला टांगलेली आहे. मेहुण्याला त्या डब्याचं खरं सांगायचं मात्र अजून राहिलंच आहे.