जब्बारला एक तारा

"ताई, पुढं बसा. मागच्या सीटला धक्के लागतात," जब्बार म्हणाला.

रुचिका मागेच बसली. ड्रायव्हरच्या शेजारची जागा आता तिला नकोच होती, मग धक्के लागोत नाहीतर आणखी काही. शेअरिंगची गाडी, मागे खिडकीशी एक बाई आधीच बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर डबा. सोबतीला बाईमाणूस पाहून रुचिकाचा जीव भांड्यात पडला. गाडी शहाद्याच्या स्टँडवरून नंदुरबारच्या रस्त्याला लागली.

"आज परत नंदुरबार, मावशी?" जब्बारने आरशातून विचारलं.

"दवाखाना शे," बाई तुटकपणे म्हणाल्या.

त्याची नजर मग आरशातूनच रुचिकाकडे वळली आणि तिथेच थांबली. झालं. रुचिकाने ओढणी सारखी केली आणि अ‍ॅपवर त्याचं नाव नि गाडीचा नंबर पुन्हा वाचून घेतला. हा चंदनच्या ओळखीचा असेल का? असणारच. या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून असतात.

गेल्या पंधरवड्यात याच अ‍ॅपवरच्या त्या चंदनने प्रकाश्याच्या अलीकडे गाडी उसातल्या कच्च्या रस्त्याला घातली होती. दारं लॉक करून तिचा हात धरला होता. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून ती सुटली. त्याच्या डाव्या भुवईतली खाच तिला अजून झोपू देत नव्हती. तिने तक्रार केली आणि त्याचं खातं बंद झालं. 'तुमचं नाव कोणालाही कळणार नाही,' असं कंपनीने कळवलं. अ‍ॅपवर तिने नुसतं 'पाटील' लिहिलं होतं, आणि इकडे पाटील म्हणजे ढिगाने. चंदनला तिचं गाव ठाऊक नव्हतं, घर ठाऊक नव्हतं. तेवढ्याच भरवशावर ती रोज लॅबमधल्या कामाला जात होती. घरी एक शब्द बोलली नव्हती, नाहीतर वडिलांनी नोकरीच सोडायला लावली असती.

बाईंनी डबा उघडला. भाकरी, ठेचा, शेंगदाणे.

"खाय ले, बेटा. सकायमा काही खादं नही वाटतं तू."

रुचिकाला एकदम आईच आठवली. बाईंनी नाव सांगितलं, प्रमिलाबाई. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "या गाडीवालासवर मन्हा काडीना भरोसा नही. तुले कधी काही तरास?"

कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून असेल, ते सगळं भडाभडा बाहेर आलं. ऊस, ट्रॅक्टर, हात, सगळं. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, "तक्रार करी का नही?"

"करी ना."

"बरं करं, बेटा."

तेवढ्यात जब्बारने रेडिओ मोठा केला. दोन बायका ड्रायव्हरांबद्दल बोलायला लागल्या की याला झोंबायचंच, असं रुचिकाच्या मनात आलं.

प्रकाश्याच्या पुलाअलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली. खाली उतरून त्याने रुचिकाच्या बाजूचं दार उघडलं. "ताई, एक मिनिट खाली या. जरा बोलायचंय."

रुचिका दारापासून आत सरकली. त्याच उसाच्या रस्त्याचं तोंड इथून दिसत होतं. प्रमिलाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"उतरू नको. भाऊ, गाडी चालू कर, नही ते मी आराडस."

जब्बार काही बोलणार असं वाटलं, पण तो दार लावून पुढे जाऊन बसला. रुचिकाने बाईंचा हात पूल ओलांडेपर्यंत सोडला नाही.

"कोनी आंडेर शे तू?" बाईंनी सहज विचारलं.

"म्हसावदच्या नवनीत पाटलांची लेक."

"घर कोठे?"

"शाळेच्या मागे. निळं गेट."

मामा कुठले, भाऊ किती, सुट्टी कधी असते. आता मात्र रुचिकाला हसू यायला लागलं. असले प्रश्न कुठे घेऊन जातात हे इकडच्या कोणत्या मुलीला सांगावं लागत नाही.

"मन्हा पोऱ्यासाठे पोर देखनी शे," बाईंनी सांगूनच टाकलं.

"काय करस पोऱ्या?"

"सोताना धंदा शे. सद्या बंद पडना. कोनीतरी नजर लाई दिधी." बाईंनी सुस्कारा सोडला नि फोन पुढे केला. "नंबर दे तुन्हा. एक फोटू काढू दे, पोऱ्याले दावस."

"ताई," जब्बार मान न वळवता म्हणाला, "नंबर, फोटो असं वाटेत कोणाला देऊ नये."

"तू रस्ता देख, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या.

रुचिकाचं तर डोकंच फिरलं. म्हणजे हा सगळं ऐकत होता. गाव, गेट, तक्रार, सगळं. तिने मुद्दाम नंबर मोठ्याने सांगितला आणि फोटोसाठी ओढणी नीट घेतली.

नंदुरबारला, मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांजवळ दोघी उतरल्या. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जब्बारने काच खाली केली होती, पण रुचिका तिकडे न पाहताच निघाली.

लॅबमध्ये पोचल्यावर तिने आधी ते काम उरकलं. जब्बारला एक तारा. खाली तक्रार लिहिली: प्रवाशांचं बोलणं चोरून ऐकतो, वाटेत गाडी थांबवून एकट्या मुलीला खाली बोलावतो. लगेच उत्तर आलं, तुमचं नाव कोणालाही कळणार नाही. तिला हायसं वाटलं.

फोन पुन्हा वाजला. प्रमिलाबाईंनी मुलाचा फोटो पाठवला होता. रुचिका गालात हसली आणि तिने तो मोठा करून पाहिला. पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. डाव्या भुवईत खाच होती. फोटोखाली बाईंचा व्हॉइस मेसेज होता, आवाज सकाळइतकाच मायेचा.

"पोऱ्याले तुन्हा फोटू दावा, बेटा. तो म्हने, हाईच ती."