संध्याकाळचा ललत

मिरजेच्या सभागृहात संध्याकाळी शिरणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर केतकी दोन थेंब टाकत होती. तिच्या प्रयोगशाळेतल्या या थेंबांचा रेणू पेशींतल्या एका एन्झाइमच्या खाचेत किल्लीसारखा बसायचा, आणि अंगातल्या घड्याळाची प्रथिनं थेट पहाट दाखवू लागायची.

हा सगळा खटाटोप तिच्या गाण्यातल्या गुरू द्वारकाबाईंसाठी होता. "ऐकणाऱ्याच्या अंगात पहाट नसेल, तर ललत राग गायचा नाही," हा त्यांचा हट्ट; आणि पहाटेच्या मैफलीला आता कुत्रंही फिरकत नव्हतं. घराण्याची ललतातली बंदिश बाईंबरोबरच जायची वेळ आली होती.

बाईंनी षड्ज लावला आणि सभागृह उजाडलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर सवयीनं सूर्याला हात जोडले.

मैफल संपताच मंडळी चहा-पोहे शोधत बाहेर धावली. बाई मात्र जांभई देत म्हणाल्या, "केतकी, आमटीभात वाढ गं. झोप आलीय."

केतकी चमकली. "बाई, म्हणजे तुम्ही थेंब घेतलेच नाहीत?"

"मला कशाला गं?" बाई हसल्या. "समोर एवढी पहाट बसली होती की!"