सात नंबरची बस

“सरावाला येतो. खरंच काही झालं, तर मात्र लगेच यायचा नाही,” असं म्हणून सात नंबरच्या ड्रायव्हरनं पेन टेबलावर ठेवलं.

सभागृहात चुळबुळ झाली. अणुवीज केंद्रात अपघात झाला तर आसपासची माणसं बाहेर कशी काढायची, याचा सराव गुरुवारी होता. बारा बस, बारा ड्रायव्हर. अकरा जणांनी ‘भोंगा वाजताच हजर राहीन’ या ओळीखाली डोळे झाकून सह्या ठोकल्या होत्या. एकानं तर सही करता करताच विचारलं होतं, “नाश्त्याचं काय?” सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि या बाबानं नेमका शेवटी खोडा घातला.

सरावाची आखणी करणाऱ्या बाईंनी सह्यांची यादी पुढं ओढली. दीड महिना झाला, त्यांना स्वस्थ म्हणून बसवत नव्हतं. नकाशा उघडायचा, रस्ते मोजायचे, मिटायचा, पुन्हा उघडायचा. बोट फिरून फिरून केंद्रापासून चार किलोमीटरवरच्या शाळेवर यायचं. त्यांची पाच वर्षांची लेक तिथं बालवर्गात होती. भोंगा वाजला की बाईंनी नियंत्रण कक्षात बसायचं आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही. नियम त्यांनीच लिहिलेला. लेकीला आणणार सात नंबरची बस. त्या बसच्या भरवशावर त्या रोज तिला फाटकात सोडून कामावर येत. ऑफिसात याचा कुणाला पत्ताही नव्हता. घरचं रडगाणं कामावर गाणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

“लगेच नाही म्हणजे कधी?” त्यांचा आवाज चढला. “तिथं लहान मुलं ताटकळत उभी राहतील, दादा! तुम्हाला काही वाटतं की नाही?”

“वाटतं म्हणून तर सही करत नाही, बाई. आई अंथरुणाला खिळलीय. घरात दुसरं कुणी नाही. आधी तिला उचलून बसमध्ये घालणार, मग शाळा गाठणार. दहा मिनिटं जातील. खोटं कशाला बोलू?”

मोठे साहेब वैतागले. “अहो, बाकीचे एका पायावर तयार आहेत. सात नंबर दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि मोकळ्या व्हा!”

“मी घेतो की!” नाश्ता विचारणारा म्हणाला.

बाईंना हायसं वाटलं. नाव खोडायला त्यांनी पेन उचललंसुद्धा. मग सहज म्हणून विचारलं, “तुमच्या घरी कोण कोण असतं?”

“बायको आणि दोन पोरं. धाकटं तीन महिन्यांचं.”

“भोंगा वाजला तर त्यांना कोण आणणार?”

त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा आपल्या बुटांकडे बघत होता. बाईंनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. अकराच्या अकरा माना खाली गेल्या होत्या.

दीड महिना आपण एका लेकीपायी जीव टांगणीला लावला, आणि या बारा जणांनाही घरदार असेल हे आपल्या ध्यानीमनीही आलं नाही! बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

“अहो बाई, बोला लवकर,” साहेब म्हणाले. “सातवर कुणाचं नाव घालायचं?”

दहा मिनिटं. वारा शाळेच्या दिशेनं असेल तर दहा मिनिटांत काय होतं, ते त्या खोलीत बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“नाव आहे तेच राहू द्या, साहेब. थांबे तेवढे बदला,” त्या म्हणाल्या. “आधी यांची आई, मग माझी मुलगी.”