पानांचं पांघरूण

“लेकीच्या चुकांवर पांघरूण घालणं कधी सोडणार तुम्ही?” हे बायकोचं ठेवणीतलं वाक्य. आज मात्र चूक बापाची होती. लेकीला फुटबॉल शिकवताना त्याने अशी लाथ हाणली की चेंडू जागेवरच राहिला, चप्पल उडाली आणि बायकोने कालच रंगवून कठड्यावर वाळत ठेवलेली कुंडी घेऊन खाली आली. “बाबा, तू गप्प बस, मी बघते,” म्हणत लेकीने झाडाखालची सुकी पानं ओंजळीने आणून घाईघाईत खापऱ्यांसकट चप्पलही झाकून टाकली. तेवढ्यात बायको झाडू घेऊन आली. बाप एका पायावर उभा होता, लेक आभाळ बघत होती. झाडू ढिगात शिरला, खळकन वाजलं आणि चप्पल बाहेर आली. बायकोने ती नवऱ्याच्या पायाशी सरकवली. उरलेली पानंही झाडून तिने त्याच ढिगावर लोटली. म्हणाली, “थंडी वाढलीय, एवढं पांघरूण पुरायचं नाही.”