खड्डे बुजवणारा उजेड

"आधी माझ्या गालांचे खड्डे बुजवा," आई खुर्चीत टेकत म्हणाली, "मग काय तो कॅमेरा सुरू करा."

पोटाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते आणि आईचं वजन चौदा किलोंनी उतरलं होतं. परदेशी नव्या नोकरीवर गेलेल्या मुलाला फोनवर 'बारीकसं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. पण मुलगा काही दूधखुळा नव्हता. "आईची व्हिडिओ टेप काढून पाठवा. खंगलेली दिसली तर नोकरी सोडून येतो," असं त्याने बजावलं होतं. आणि तो बोलला की करणारा होता, हीच आईची धास्ती.

म्हणून आज बाबांना बोलावणं आलं. बाबांनी तीस वर्षं नाटक कंपनीचे दिवे सांभाळले होते. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना बल्ब गेल्याशिवाय कुणी विचारत नव्हतं. आज मात्र ते गळ्यात वायरचं वेटोळं अडकवून नवरदेवासारखे मिरवत होते.

मुलीने शेजाऱ्यांकडून मागून आणलेला कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि आत डोकावून पाहिलं. "बाबा, उजेड पुरत नाही. चित्रात नुसत्या मुंग्या दिसतायत. खिडकी उघडू का?"

"उघड की! पाठीमागून उजेड आला की तुझ्या आईचा कोळसा होईल. पडदा ओढ. आणि ती ट्यूब बंद कर. ट्यूब निळी, बल्ब पिवळा. दोन्ही लावलेस तर अर्धी आई गारठलेली आणि अर्धी कावीळ झालेली."

"आधीच काय कमी दुखणी झाली?" आई म्हणाली.

उरला टेबल-लॅम्प. बाबांनी तो पेटवून आईच्या एका बाजूला धरला. मुलीने कॅमेऱ्यात बघून झटकन डोळा काढला.

"दिसलं ना? बाजूचा उजेड हाड न् हाड मोजून दाखवतो. तो खलनायकाला द्यायचा. समोरून मऊ उजेड भरला, की खड्डे गायब. नटीचं वय दहा वर्षांनी उतरवलंय मी."

"कुठल्या नटीचं?"

"कुठल्याही."

"तीस वर्षं परक्या बायकांना उजळलंत," आई म्हणाली, "आणि माझ्या स्वयंपाकघरात चाळीसचा बल्ब."

बाबा तोवर कामाला लागले होते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्यांनी उजव्या हातात घेतला, डाव्या हातात लॅम्प. लॅम्पचा झोत थर्माकोलवर मारायचा आणि तिथून परतलेला मऊ उजेड आईवर पाडायचा. स्टँड नव्हता, म्हणून ते स्वतःच कॅमेऱ्याशेजारी खांबासारखे उभे राहिले. उजेड हलणं त्यांना अजिबात खपत नसे. कंपनीत कुणाच्या हातातला दिवा जरा डुगडुगला, की ते सगळ्यांसमोर ओरडत, "हात आहे की पाळणा?"

"आणि ते कपाट लाव आधी," ते मुलीला म्हणाले. "आरसा म्हणजे दिवेवाल्याचा वैरी."

मुलीने आईच्या मागच्या कपाटाचं आरशाचं दार ढकललं आणि ती कॅमेऱ्यामागे पळाली. दार लागलं, जरा थांबलं आणि रोजच्या खोडीप्रमाणे हळूच अर्धं उघडलं. तोवर सगळ्यांचे डोळे आईकडे लागले होते.

"मी ठणठणीत आहे," आई कॅमेऱ्याला म्हणाली. "उगाच धावत येऊ नकोस. आलास तर दारातूनच परत पाठवीन." आणि ती हसली.

लगेच टेप टीव्हीवर लावून बघितली. आई अशी टवटवीत दिसत होती, की तिनेच विचारलं, "कोण गं ही बाई?"

"शोधा, शोधा खड्डा!" बाबा म्हणाले. "सापडला तर नाव बदलीन."

मुलीने टाळ्या वाजवल्या. आई मात्र आता स्वतःकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यामागे, अर्धवट उघड्या कपाटाच्या आरशात, एक म्हातारा दोन्ही हात पसरून उभा होता. लॅम्पचा उजेड त्याच्या एका गालावर पडला होता. गाल कसला, नुसतं हाड. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

आईने टेप मागे घ्यायला लावली. पुन्हा बघितली.

"मी दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही जेवत होतात ना?"

"जेवत होतो की."

"काय?"

बाबा वायर गुंडाळायला लागले. "बाजूचा उजेड आहे तो. त्यात कुणीही तसंच दिसतं."

"बाजूचा उजेड हाडं दाखवतो, हाडं तयार नाही करत," आई म्हणाली. दोन महिने हा माणूस तिच्या उशाशी बसून तिला घास भरवत होता आणि तिने एकदाही मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. "हे बघितलं तर पोरगा आजच विमानात बसेल. टेप पुसून टाक गं. पुन्हा घेऊ. आणि उठा हो तुम्ही. या खुर्चीत बसा. आधी तुमचे खड्डे बुजवू."

"मी? दिवा कोण धरणार?"

"मी धरते."

तिने त्यांच्या हातातून लॅम्प घेतला, थर्माकोल घेतला आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. अंगात अजून तेवढं बळ नव्हतं. बाबांच्या तोंडावरचा उजेड गालावरून कपाळावर गेला, कपाळावरून कानावर, पुन्हा गालावर आला. मुलीने श्वास रोखून बाबांकडे बघितलं.

"छान धरलायस," बाबा म्हणाले. "अगदी स्थिर."