रोजची अडीचशे

“एक माणूस दाखवा, सर. एकच,” राजरत्न उभा राहून म्हणाला. “तुमच्याकडं शिकून फोनवर कमावणारा. मंग आमी आवसरीतनं पंचवीस जण आत्ताच्या आत्ता नावं देतो.”

घोडेगावच्या त्या हॉलमधल्या सगळ्या माना जालिंदरकडे वळल्या. राजरत्नचं अवसरी बुद्रुकला मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं आणि गावातली पोरं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. तो हो म्हणाला तर पंचवीस नावं, नाही म्हणाला तर हॉल रिकामा.

“दाखवतो की! आधी चहा घेऊ,” जालिंदर हसत म्हणाला आणि त्याने माइक खाली ठेवला. दाखवण्याजोगा एकही माणूस त्याच्याकडे नव्हता.

तो काही लबाड माणूस नव्हता. निदान त्याला तसं वाटत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पुण्यात त्याने स्वतःच असा एक क्लास लावला होता, ‘घरबसल्या ऑनलाइन कमवा’. कमाई काही झाली नाही, पण एक गोष्ट कळली. त्या खोलीत कमावणारा माणूस एकच होता आणि तो फळ्यासमोर उभा होता. तेव्हापासून जालिंदरही फळ्यासमोर उभा राहिला. शिकवणं हे पुण्यकर्म, असं तो मनाला सांगायचा. विद्यार्थ्याने कमावलं नाही तर त्याला मास्तर काय करणार?

त्याच्या धंद्यात एकच शब्द चालायचा, बसवणं, म्हणजे फी घेऊन पोरं क्लासला बसवणं. मंचरला किती बसवली, नारायणगावला किती बसवली. क्लास संपला की तो पोरांना हळूच सांगायचा, आता तुम्ही तुमची दहा बसवा, म्हणजे तुमची कमाई सुरू. बहुतेकांना चारसुद्धा मिळायची नाहीत.

चहाच्या टेबलापाशी ऋतिका दिसली आणि तो मागच्या मागे वळू लागला. पहिल्या बॅचची पोरगी. कानातली मोडून तिने फी भरली होती आणि नंतर दोन महिने ‘सर, पुढं काय करू?’ असे मेसेज पाठवत होती. त्याने एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

पण ऋतिका चक्क हसली. “सर, माणूस पायजे ना तुमाला? ही माझी आजी, सोनीबाई. हिचा धंदा फोनवरच चालतो.”

शेजारी जाड वहाणा घातलेली, उन्हाने रापलेली म्हातारी बशीतून चहा पीत होती.

“तू शिकवलंस आजींना?”

“फोन मीच शिकवला.”

जालिंदरने अविश्वासानेच विचारलं, “आजी, किती बसवता?”

“रोजची अडीचशे.”

त्याचा कप हातातच राहिला. त्याने जन्मात एका वेळी साठाच्या वर बसवली नव्हती.

“रोज? कुठे?”

“आज निरगुडसर, उद्या पारगाव. लोकं फोनवर लोकेशन धाडत्यात, तारीख मागत्यात. पाऊस लागंपतूर एक तारीख मोकळी न्हाई बघा. पैशे बी फोनवरच येत्यात.”

“आणि मधेच सोडून जात नाहीत?”

“कुठं जात्यात? एक फुडं गेलं की मागनं समदी. संध्याकाळी बसवते, पहाटं उठवते.”

पहाटे उठवते! मोठमोठे ऑनलाइन गुरू पहाटे पाचला मेसेज टाकून शिष्यांना उठवतात, हे जालिंदर ऐकून होता. ही बाई थेट तिथवर पोचली होती.

“तक्रार नाही कुणाची?”

“एकाची न्हाई. ज्याच्याकडं बसवते त्यो फुडच्या साली आपून बोलावतो.”

जालिंदरचा ऊर भरून आला, अगदी खरा. आपल्या क्लासला ऋतिका बसली, ऋतिकाने आजीला शिकवलं आणि आजी आज रोजची अडीचशे बसवते! सहा वर्षं आत कुठेतरी रुतलेला काटा निघाल्यासारखं वाटलं. म्हणजे आपलं शिकवणं खोटं नव्हतं.

“आजी, हे सगळं वर येऊन माइकवर सांगाल?”

सोनीबाईने बशी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि नातीकडे पाहिलं. “त्याच्यासाठीच तर आलोय आमी, मास्तर.”

जालिंदरने स्वतः हात धरून तिला स्टेजवर नेलं. “एक माणूस मागितला होतात ना? हा घ्या! रोजची अडीचशे बसवणारी आपली आजी!”

हॉल दणाणला. पोरांनी मोबाइल वर धरले. सोनीबाईने न अडखळता तेच सगळं पुन्हा सांगितलं, लोकेशन, तारखा, संध्याकाळी बसवणं, पहाटे उठवणं. दर वाक्याला टाळ्या पडत होत्या. पुढच्या बॅनरवर हिचाच फोटो टाकायचा, हे जालिंदरने उभ्या उभ्या ठरवून टाकलं. त्याला आज हॉल लहान वाटत होता.

राजरत्नने फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

“आजी, एक सांगा. येवढी माणसं तुमी आणता कुठनं?”

“माणसं?” सोनीबाईने माइक तोंडाजवळ घेतला. “माणसं हे मास्तर बसवत्यात, बाबा. मी मेंढरं बसवते, लोकांच्या रानात. माझी मेंढरं पहाटं रानाला खत देऊन उठत्यात. ही माझी नात हितं बसली व्हती, ती लोकर देऊन उठली.”